नकाशात न बसलेले चार दिवस

मखमलाबाद,
१२ जानेवारी १९९७

चि. रंगनाथ यास,
चिमाजी विधाते यांचा आशीर्वाद.

तुझा पत्ता मिळवायला लय फिरलो. एकलहऱ्याच्या कॉलनीत गेलो तर तुझ्या खोलीत दुसराच माणूस. तो म्हणाला, डेर्ले साहेबांनी बदली मागून घेतली, चंद्रपूरच्या वीजकेंद्रात गेले. जाताना भेटून गेला असतास तर बरं वाटलं असतं. पण तुझंही दुखणं होतं, पायाची दोन बोटं बर्फानं गेली, ते मी समजतो.

ललितला जाऊन सोळा महिने झाले. देह मिळाला नाही म्हणून रामकुंडावर दर्भाचा पुतळा करून सगळं केलं. गुरुजी म्हणाले, शास्त्रात आहे. असेल. त्याची आई नवसा मात्र मानत नाही. ती म्हणते, गवताला अग्नी दिला, लेकराला नाय.

माझं दुखणं वेगळं आहे. माणूस विहिरीत गेला तर विहिरीच्या काठावर दिवा लावता येतो. शेतात गेला तर बांधावर दगड मांडता येतो. माझा पोरगा जिथं गेला ती जागा कशी दिसते हेच मला ठाऊक नाही. डोळे मिटले की नुसतं पांढरं दिसतं, त्यात ना झाड ना बांध.

तू इस्पितळात मला सांगितलं होतं, दगड डोक्याला लागला, जागीच गेला, त्याला कळलंही नाही. पोलिसांच्या कागदातही तेच आहे, तारीख १३ सप्टेंबर. त्यावर माझं काही म्हणणं नाही.

तुम्ही दोघं दोन वर्षं आमच्या ओट्यावर कागद पसरून बसायचे. ड्यूटी सुटली की सायकली लावल्या आणि बसले. मी फुलांच्या पाट्या भरायचो, तुमचं बोलणं कानावर पडायचं, पण लक्ष दिलं नाही. आता ते सगळं मला ऐकायचं आहे. तुम्ही जो फेरा ठरवला होता, तो मला करायचा आहे. मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे, सातवी शिकलोय, वाचता येतं. तू नकाशा पाठव आणि वाट सांग. तुला सोबत ये म्हणत नाही.

तुझा,
चिमाजी विधाते


ऊर्जानगर, चंद्रपूर,
३० जानेवारी १९९७

ती. काका यांस,
सा. न. वि. वि.

न भेटता आलो, ही चूक झाली. माफ करा.

तुम्ही जे मागता आहात ते मी देऊ शकत नाही. रागावू नका, कारण समजून घ्या. आम्ही ज्याला फेरा म्हणायचो तो रस्ता नाही. कुलूच्या पुढे बस जिथं थांबते तिथून एक दिवस चालल्यावर शिलारी नावाचं शेवटचं गाव लागतं. शिलारीतून एका नाल्याने तीन दिवस वर जायचं, चौथ्या दिवशी साडेपंधरा हजार फुटांवरची खिंड ओलांडायची, आणि पलीकडच्या दुसऱ्या नाल्याने तीन दिवस उतरून पुन्हा शिलारीत यायचं. पहिल्या मुक्कामाच्या कुरणापुढे तिथले मेंढपाळसुद्धा जात नाहीत. पायवाट नाही, पूल नाही, खूण नाही. आम्ही तो मुद्दाम निवडला. नेहमीच्या वाटेनं सगळेच जातात, आपण आपली वाट काढू, असं आम्हाला वाटायचं. खरं तर आधी ते मला वाटलं, मग ललितला.

इतक्या उंचीवर हवा विरळ असते. तरण्या माणसाचाही दम तुटतो. आणि तिथं आता काही दिसणार नाही, काका. दोन हिवाळे गेले.

काकूंना नमस्कार सांगा. तब्येतीला जपा.

आपला,
रंगनाथ


मखमलाबाद,
२ मार्च १९९७

चि. रंगनाथ यास आशीर्वाद.

वाट नाही म्हणतोस. मग तुम्ही गेले कसे? जिथून दोन माणसं गेली तिथून तिसरं जाईल.

दम तुटतो म्हणालास म्हणून पोत्यात पंधरा किलो वाळू भरली आणि रामशेजवर गेलो. पहिल्या दिवशी पाच ठिकाणी बसलो. आता आठवड्यात दोनदा जातो, दोन ठिकाणी बसतो. गावातले लोक हसतात. आमचा पुतण्या चंदर विचारतो, नाना, गडावर वाळू कोणी मागवली. हसू दे.

तुला सांगायचं नसेल तर जबरदस्ती नाही. मी सरळ शिलारीला जातो. जे सहा जण ललितला आणायला वर गेले होते आणि बर्फामुळे माघारी फिरले, त्यांचे पाय मला धरायचेच आहेत. ते सांगतील वाट. हिंदी मला मोडकीतोडकी येते, फुलबाजारात सगळ्या मुलखाचा व्यापारी येतो.

चिमाजी


ऊर्जानगर, चंद्रपूर,
१५ मार्च १९९७

ती. काकांस सा. न.

तुमचं पत्र काल मिळालं, लगेच लिहितो आहे. एकटे शिलारीला जाऊ नका. तिथं पत्रही पाठवू नका. त्या लोकांना आपलं बोलणं नीट कळत नाही, ते काहीतरीच सांगतील आणि तुम्हाला उगाच त्रास होईल. तुम्हाला फेरा करायचाच असेल तर माझ्याबरोबर ठरवा. मी सगळं सांगतो.

सोबत नकाशा पाठवतो आहे. मूळ नकाशा सरहद्दीच्या भागाचा म्हणून सहज मिळत नाही. एका गिर्यारोहण क्लबात जुनी प्रत होती, तिच्यावरून ट्रेसिंगच्या कागदावर मी ही उतरवली. निळी रेघ म्हणजे पाणी. तपकिरी रेघा म्हणजे उंची, एका रेघेवरचं प्रत्येक ठिकाण सारख्याच उंचीवर असतं. रेघा लांब लांब असतील तर चढ सोपा, एकमेकींना चिकटल्या असतील तर कडा. पेन्सिलीनं १ ते ६ आकडे घातलेत ते मुक्काम. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधे जी फुली आहे, ती ललितची जागा.

यंदा मात्र नको. अशा गोष्टीला निदान वर्षाची तयारी लागते. आम्हाला दोन लागली होती. तोवर काही अडलं तर मलाच विचारा, दुसऱ्या कुणाला नको.

आपला,
रंगनाथ


मखमलाबाद,
२४ ऑगस्ट १९९७

चि. रंगनाथ यास आशीर्वाद.

मधे पाऊस आणि लावण्या, म्हणून लिहिणं राहिलं. झेंडू चांगला आहे, बिजलीच्या फुलझाडांना मर रोग लागला.

तुझा नकाशा मला आता पाठ आहे. तपकिरी रेघा कळायला वेळ लागला नाही. आम्ही पाटाचं पाणी खेळवणारी माणसं. पाणी कुठं धावेल आणि कुठं थांबेल हे बघितल्याशिवाय आमचा वाफा बसत नाही. तुझ्या रेघांत मी पाणी सोडून बघतो. कुठल्या ओढ्याचं पाणी कुठून येत असेल, कुठं उडी घेत असेल, ते दिसतं. अंतर मोजायला हार ओवायचा दोरा घेतला, निळ्या रेघेवर वळणावळणानं अंथरला आणि मग फुटपट्टीवर धरला. पहिल्या दिवसाचे अकरा किलोमीटर, दुसऱ्याचे सात, तिसऱ्याचे साडेपाच. बरोबर का?

श्रावणाच्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी केली, त्र्यंबकहून निघून त्र्यंबकला परत. दरवर्षी करतो, पण यंदा मोठी फेरी धरली आणि चालताना मनात तुझे मुक्काम धरले. लोक शंकराचं नाव घेत होते, मी म्हणत होतो, आता दुसरा मुक्काम, आता पोरं इथं टेकली असतील.

नवसा आधी रागावली होती. आता मी नकाशा काढून बसलो की ती शेजारी येऊन बसते आणि विचारते, कुठवर गेले. मी बोट ठेवतो. फुलीपर्यंत मी अजून बोट नेलेलं नाही.

खरं सांगायचं तर रंगनाथ, दोन वर्षांत पहिल्यांदा मला काहीतरी काम आहे असं वाटतं. तुला त्याचं पुण्य लागेल. आता एवढं सांग, चढताना तुम्हाला किती वेळ लागायचा, आणि काही झालं तर परत उतरायला किती लागेल. परतीचा बंदोबस्त आधी बघावा, असं मला वाटतं.

चिमाजी


ऊर्जानगर, चंद्रपूर,
१२ ऑक्टोबर १९९७

ती. काकांस सा. न.

काल दसरा झाला. तुम्हाला चार दिवस उसंत नसेल, म्हणून उशिरा लिहितो आहे.

तुमचे आकडे बरोबर आहेत. दोऱ्यानं मोजायचं आम्हाला सुचलं नव्हतं, आम्ही कर्कटकाचे टोचे मारत बसायचो. ललित दर वेळी माझ्यापेक्षा एक किलोमीटर जास्त काढायचा आणि म्हणायचा, चालताना माझंच खरं निघेल. निघालंही.

तो चालायचा पुढे. नाला ओलांडायची वेळ आली की पाण्यात काठी घालून उभा राहायचा आणि मला म्हणायचा, तू आधी जा, मी धरतो. दुसऱ्या मुक्कामावर निळी फुलं होती, बोटभर उंचीची. त्यानं खाली वाकून माती चोळून बघितली, म्हणाला, नाना इथं असते तर म्हणाले असते, जमीन हलकी आहे.

तुमच्या वयाच्या माणसानं रोज पाच तासांच्या वर चालू नये, म्हणजे चढायला तुम्हाला पाच दिवस धरा. उतरायचं सोपं. ओझं कमी झालेलं असतं, दम लागत नाही. फुलीच्या जागेहून आल्या वाटेनं शिलारी दोन दिवस. तुम्हाला फार तर तीन.

हे सगळं लिहिताना मलाही बरं वाटतं. इथं मी कुणाशी ललितबद्दल बोलत नाही.

आपला,
रंगनाथ


मखमलाबाद,
९ नोव्हेंबर १९९७

चि. रंगनाथ यास आशीर्वाद.

दिवाळी झाली. भाग्यश्री भाऊबीजेला आली नाही. कुणाला ओवाळू म्हणाली.

तुझं पत्र मी पुष्कळ वेळा वाचलं. मातीचं नवसाला वाचून दाखवलं. ती पदर तोंडाला लावून आत गेली. पण नंतर माझं मन एका ठिकाणी अडकलं, ते सुटेना. म्हणून लिहितो.

पोलिसांच्या कागदात ललित १३ ला गेला. त्याच कागदात, तू शिलारीत पोचलास ती तारीख १९ आहे. तू आल्या वाटेनंच परत आलास, असंही त्यात आहे. आता तू लिहितोस, फुलीपासून शिलारी दोन दिवस. तेरा आणि दोन पंधरा. पंधराला तू गावात पाहिजेस. मधले चार दिवस मी नकाशावर शोधतो आहे. दोरा चार वेळा टाकून बघितला. बर्फ धरलं, तुझी बोटं धरली, तरी एखादा दिवस वाढेल. चार दिवस कुठंच बसत नाहीत.

मी शिकलेला नाही, माझंच काही चुकत असेल. चुकत असेल तर तसं लिही. चुकत नसेल तर काय झालं ते लिही. तू लिहिलं नाहीस तरी शिलारीतली माणसं आहेत. पण मला ते तुझ्याकडून हवं आहे.

चिमाजी


ऊर्जानगर, चंद्रपूर,
२५ जानेवारी १९९८

ती. काकांस,

अडीच महिने गेले. रोज लिहायला बसत होतो. आता लिहितो ते एका बैठकीत लिहितो, नाहीतर होणार नाही.

तुमचं चुकलेलं नाही. १३ तारखेला दगड आला तो ललितच्या डोक्यावर नाही, मांडीवर आला. हाड मोडलं. ललित जिवंत होता.

त्याला उचलून नेणं एकट्याच्यानं शक्य नव्हतं. तिथंच थोडी सपाटी होती, तंबू लावला, काठ्या बांधून पाय सरळ केला. दोन दिवस मी त्याच्याजवळ राहिलो. बर्फ पडत होतं म्हणून राहिलो असं मी स्वतःला सांगत आलो आहे. ते अर्धंच खरं आहे. त्या उतारावरून एकट्यानं जायची मला भीती वाटत होती. पहिल्याच दिवशी निघालो असतो तर बर्फ कमी होतं. शेवटी ललितच म्हणाला, "रंग्या, तू इथं बसून माझं हाड जुळायचं नाय. जा, माणसं घेऊन ये." पंधराला सकाळी मी निघालो.

नेहमीची वाट असती तर आणखी कुणीतरी वर आलं असतं. एखादा मेंढपाळ, एखादी दुसरी टोळी. वाट नसणं हेच तर आम्हाला आवडलं होतं.

खाली धुकं होतं. चढताना आम्ही खुणेला रचलेले दगड बर्फाखाली गेले होते. मुख्य नाल्याला डावीकडे एक लहान नाला फुटतो. नाशिकला ओट्यावर बसून मी तो हेरून ठेवला होता, नकाशावर तो जवळचा दिसतो, अर्धा दिवस वाचतो. मी त्यात शिरलो. तो नाला कड्यावर संपतो. खाली दोरीशिवाय उतरता येत नाही आणि वर चढायला, मी ज्यावरून घसरत आलो होतो तोच उतार. एक पूर्ण दिवस मी तिथं वर-खाली करत होतो, आणखी एक दिवस एका कपारीत बसून काढला. तुम्हाला पाठवलेल्या कागदावर मी तो नाला काढलेला नाही.

एकोणीसला दिवस मावळताना शिलारीत पोचलो. साथी जिंदा है, एवढंच मी सांगत होतो. वीसला पहाटे ते सहा जण निघाले. त्यांच्यावर डाग येऊ देऊ नका, काका, ते छातीइतक्या बर्फातून गेले. बावीसला परत आले. पुढं जाता आलं नाही.

गावच्या प्रधानजींनी मला विचारलं, त्याच्या घरी कोण आहे. मी म्हणालो, आईबाप. ते म्हणाले, मग पत्थर सिर पर लगा, असं लिहा. त्यांना जगायचं आहे. चौकीत मी तेच सांगितलं. नंतर नाशिकच्या इस्पितळात तुम्ही माझ्या खाटेशी बसून विचारलंत, "त्याला त्रास झाला का रे?" तेव्हा जिभेवर तेच आलं.

तो किती दिवस होता, मला माहीत नाही. ते कुणालाच कधी कळणार नाही.

तुम्ही शिलारीला जाऊ नये म्हणून मी नकाशा पाठवला. वर्षभर तयारी करा म्हणालो ते वेळ काढायला. मग तुमची पत्रं येऊ लागली आणि त्यांची मला सवय लागली.

रंगनाथ


मखमलाबाद,
३० मार्च १९९८

रंगनाथ,

तुझं पत्र आलं तेव्हा शेवंतीची तोडणी चालू होती. बांधावर उभ्यानं वाचलं, खिशात घातलं आणि परत तोडायला लागलो. थोड्या वेळानं नवसा म्हणाली, अहो, कळ्या कशाला तोडता. बघितलं तर अर्धी पाटी कळ्यांची.

तुला लिहायला तीनदा बसलो. एकदा शिव्या लिहिल्या, फाडल्या. एकदा लिहिलं की तुझा काही दोष नाही, तेही फाडलं. तुझ्यावर राग आहे, खोटं कशाला बोलू. पण रागानं काय करायचं असतं ते मला कळत नाही. मारावं तर तू हजार किलोमीटर लांब, आणि समोर असतास तरी लंगडत आला असतास.

रोज सकाळी उठलो की तेराच्या पुढं मोजतो. चौदा, पंधरा, सोळा. विसाच्या पुढं मोजवत नाही.

पाडवा झाला. मी ठरवलंय, भाद्रपदात जायचं. तू सोबत ये. फेरा नको, फुलीपर्यंत जाऊ आणि परत फिरू. चंदर येतो म्हणतो.

नवसाला यातलं काही कळता कामा नये. तिला वाटतं, पोरगा क्षणात गेला. तेवढ्यावर ती उभी आहे.

चिमाजी


शिलारी,
१४ सप्टेंबर १९९८

ती. काकांस सा. न.

तुम्ही आणि चंदर सुखरूप घरी पोचला असाल असं धरून लिहितो. खाली जाणाऱ्या माणसाजवळ हे पत्र देतो, तो कुलूला टपालात टाकेल.

दुसऱ्या मुक्कामावर तुमचे ओठ निळे पडले तेव्हा मी तुम्हाला परत पाठवलं. तुम्ही नको म्हणाला नाहीत. दगडावर बसून वर बघत राहिलात, नंतर शिलारीच्या एका माणसाच्या पाठीवर बसलात आणि कुरणापर्यंत एकदाही मागे वळून पाहिलं नाहीत, असं तो मला परत आल्यावर म्हणाला. कुरणातून पुढं खेचरावर नीट बसला होतात, हेही कळलं. छाती कशी आहे ते कुणाकडून तरी लिहवा.

मी गावातल्या दोघा जणांना घेऊन वर गेलो. तीन वर्षं माझी खात्री होती की डोळे बांधले तरी ती जागा मी सांगेन. काका, मला ती जागा सापडली नाही. वरची अख्खी कड खाली आली आहे. खोलीएवढाले दगड, त्यांच्यामधे घाण बर्फ. सोबतचा माणूस म्हणाला, मागच्या साली पावसात घसरलं असेल. जिथं तंबूची सपाटी होती असं मला वाटलं तिथं उभं राहिलो, तर खिंड डाव्या हाताला यायला हवी होती, ती समोर येत होती. शंभर पावलं सरकलो, तिथूनही जमेना. चार दिवस आम्ही दगड फिरलो. कापडाची चिंधीही नाही.

तुम्ही दिलेल्या उदबत्त्या एका मोठ्या दगडाच्या आडोशाला लावल्या. वाऱ्यानं तीनदा विझल्या. जागा ती होती असं मी सांगू शकत नाही.

याच्यापुढे मला काही करता येईल असं वाटत नाही.

आपला,
रंगनाथ


लासलगाव,
१ डिसेंबर १९९८

रंगनाथदादा,

मी भाग्यश्री, ललितची बहीण. आई आठ दिवसांसाठी माझ्या सासरी आली आहे. तिला लिहिता येत नाही. ती सांगते तसंच्या तसं लिहायला तिनं मला बजावलंय. पुढं तिचं बोलणं.

बाबा रंगनाथ, ह्यांच्या ट्रंकेत तुझी पत्रं हायेत. हे डोंगराला गेले तवा मी भाग्यश्रीला बोलावलं आन् सगळी वाचून घेतली. दोन दिवस आमी दोघी घरात बसून व्हतो. फुलं झाडावर वाळली.

हे परत आले तवा म्हणाले, जागा सापडली, फुलं वाह्यली, पोराला कायबी कळलं नव्हतं. मी हो म्हटलं. पोस्टमननं तुझं पत्र माझ्या हातात दिलं व्हतं, ते मी तसंच त्यांना दिलं. वाचून म्हणाले, रंगनाथ खुशाल हाय. मी म्हटलं, बरं झालं. मानूस आता चार पावलं चालला की थांबतो, छातीला हात लावतो. वाळूचं पोतं दारात पडलंय. त्याला मी कशी सांगू की मला ठावं हाय. त्यानं माझ्यासाठी येवढं पोटात ठिवलंय.

तू त्याला सोडून का गेला, ते मी इचारत नाय. गेला नसता तर दोन आया रडल्या असत्या. उशिरा का गेला, तेबी इचारत नाय. भ्या कुणाला वाटत नाय.

मला दोनच गोष्टी सांग. तू निघाला तवा त्याच्यापाशी खायला काय ठिवलं व्हतं. आन् निघताना तो काय करत व्हता. हे कागदात कुटंच नाय. तुमी समदं लिहिलं, नाले लिहिले, तारखा लिहिल्या, पन हे कुनी लिहिलं नाय.

गोड करून लिहू नको. माझ्यासंगं आता समदेच गोड बोलत्यात. पत्र भाग्यश्रीच्या पत्त्यावर धाड, ह्यांना कळू दिऊ नको.

नवसाबाई


ऊर्जानगर, चंद्रपूर,
१३ डिसेंबर १९९८

ती. काकूंस सा. न.

तुम्ही विचारलंत तेवढंच लिहितो.

तांदूळ आणि मुगाची डाळ मिळून दोन किलोच्या आसपास होती. गूळ होता, शेंगदाणे होते, बिस्किटांचे तीन पुडे, चहाची पूड. मी वाटेत खायला दोन मुठी शेंगदाणे घेतले, बाकी सगळं त्याच्याजवळ ठेवलं. स्टोव्ह त्याच्या उजव्या हाताशी, काडेपेट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. रॉकेलची बाटली पाऊण भरलेली होती. दोन्ही डबे पाण्याने भरले, आणि पाणी संपलं तर हात बाहेर काढला की बर्फ लागेल अशी तंबूची चेन ठेवली. माझी झोपायची पिशवी त्याच्या पिशवीवर घातली. एका माणसाला आठ दिवस खायला पुरलं असतं. थंडीनं त्याला आठ दिवस दिले का, ते मला सांगता येत नाही.

त्या सकाळी मी खिचडी केली होती. त्यानं ताटलीभर खाल्ली आणि मीठ जास्त झालंय म्हणाला. पाय हलवला नाही तर फार दुखत नव्हतं. हलवला की तो दात दाबायचा. रडला नाही. पहिल्या दिवशी मी रडलो होतो.

निघताना तो काय करत होता, हे मी काकांनाही लिहिलं नाही. बर्फ वितळवून वितळवून माझी बोटं बधिर झाली होती, बुटांच्या नाड्या बांधता येईनात. दोनदा सुटल्या. तो म्हणाला, "इकडं आण पाय." मी तंबूच्या दारात बसून पाय आत केले. त्यानं आडवं राहूनच दोन्ही बुटांच्या नाड्या ओढून बांधल्या, वर दुहेरी गाठ मारली आणि म्हणाला, "आता गावापर्यंत सुटायच्या नाहीत."

सुटल्या नाहीत. शिलारीत त्या सुरीनं कापून काढाव्या लागल्या.

रंगनाथ